हिरूबाईकडचं जेवण

दाजी, तुमच्या तेराव्याला दिवेकर आले होते. पांढरा शर्ट, हातात हार, चेहरा प्रसंगाला साजेसा. ताईपाशी चार शब्द बोलले, पंगतीत बसून नीट जेवले, आणि निघताना मला मांडवाबाहेर बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, घाई अजिबात नाही. पण त्या ऑर्डरचं दसऱ्यापर्यंत कळवलंत तर बरं होईल. साहेबांच्या मनात काय होतं, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

तेव्हापासून जो तो मला हेच विचारतोय. लेथवरचा बळीराम विचारतो, ताई विचारते. तुम्ही होतात तोवर तुमच्या मनात काय आहे हे कोणाला विचारावं लागत नसे, तुम्ही ते शेडच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगत होतात. नेमकं या एका गोष्टीचं राहून गेलं. त्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालात, "मीने, त्या आकड्याचं मला एक सुचलंय. दुपारी बोलू." दुपारी तुम्ही चहा सांगितलात आणि चहा यायच्या आत गेलात, खुर्चीत बसल्या बसल्या. चहा आणणाऱ्याला वाटलं साहेबांना डुलकी लागली आहे. तो बिचारा कपावर बशी झाकून निघून गेला.

पेपरात द्यायला तुमचं गाव, शिक्षण, धंदा आणि मागे कोण कोण आहे, हे सगळं ताईनं सांगितलं आहे. ते मला पुन्हा लिहायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. तुम्ही कुठलं काम अर्धवट टाकणाऱ्यातले नव्हतात, भांडण तर नव्हेच.

तरी आधी त्या भांडणाशी देणं-घेणं नसलेली एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर ती राहील. मी तुमच्या बायकोची धाकटी बहीण. माझा मंदार शाळेत असताना त्याचे वडील गेले, आणि नेरळच्या घरात बसून ही आता काय करणार या काळजीत सगळे असताना तुम्ही जीप घेऊन दारात आलात. आईला म्हणालात, "हिची रेघ सरळ येते. मला ड्रॉइंगला माणूस पायजे." तेव्हा तुमच्याकडे ड्रॉइंग काढण्यासारखं कामच नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. खालापूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आधी कागदावर शिकले, मग कॉम्प्युटरवर. कळंबहून येताना तुम्ही रोज मला नेरळला जीपमध्ये घेत होतात आणि संध्याकाळी सोडत होतात. मी कधी आभार मानले नाहीत, कारण मेहुणीनं आभार मानले असते तर तुम्ही वर्षभर त्यावरून माझी चेष्टा केली असती. आता म्हणते. तुम्ही होतात म्हणून माझं आणि माझ्या पोराचं नीट झालं.

आता खटक्याकडे येते.

ड्रॉइंगवर मी त्याचं इंग्रजी नाव टाकलं होतं. तुम्ही ते खोडायला लावलंत. "तुझ्या ताईला कळंल असं लिव." म्हणून मग 'खटका'. ताईला कळणारच होता, कारण तो तिच्याच स्वयंपाकघरातून आला होता. उंदराचा पिंजरा. आतल्या तारेला लावलेलं खोबरं उंदरानं ओढलं की तार सुटते आणि दार पडतं. एका रविवारी तुम्ही तो पिंजरा मांडीवर घेऊन उंदराचं काम बोटानं करत सबंध दुपार बसला होतात. ताई मला म्हणाली, "यांना खोबऱ्याचा तुकडा तरी दे." तुम्हाला हवा होता असा खटका, जो भरल्या पेटीचा भार धरून ठेवील आणि वरून सांगितलं की एका क्षणात सोडून देईल. उंदराच्या जागी बॅटरी.

पेटीत काय, तर बिया. कळंबच्या मागचा डोंगर बोडका. खाली रिसॉर्टवाले हिरवळीवर रोज पाणी मारतात आणि वर सावलीला झाड नाही, हे तुम्हाला बघवत नव्हतं. मातीच्या गोळ्यांत खैराचं, करंजाचं, आपट्याचं बी घालायचं आणि ड्रोननं नेऊन वर टाकायचं, अशी तुमची कल्पना. मंदार तेव्हा इंजिनीअरिंगला होता. त्याच्या कॉलेजातलं ड्रोन सुट्टीपुरतं मागून आणलं. गोळे करायला डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतल्या बाया, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज हिरूबाईचा.

पहिले गोळे पेटीतच फुटायचे. वर जाऊन नुसती धूळ पडायची. तुम्ही वैतागलात, तेव्हा हिरूबाई म्हणाली, "आमाला करू दे आमच्या हातानी." त्या बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या. त्यांनी मातीत भाताचा तूस घातला, पायानं तुडवून मळली आणि गोळे करून कातळावर कडक उन्हात वाळवले. विटेला करतात तस्संच सगळं. तुम्ही एक गोळा फरशीवर आपटलात. फरशीचा टवका उडाला, गोळ्याला काही झालं नाही. तुम्हाला कोण आनंद झाला. मी म्हटलं, अहो, आतलं बी बाहेर कसं येणार? तुम्ही म्हणालात, "पाऊस हाय की त्याला. आधी टिकू तर दे."

ते गोळे पहिल्यांदा वर नेले त्या दिवशी खटका कधी नव्हे इतका बरोबर सुटला. मंदारनं बटण दाबलं, पेटीचं दार उघडलं, गोळे गेले. जिथे टाकायचे तिथून थोडे अलीकडे गेले, कारण वारा फिरला होता. करवंदीच्या जाळीशी हिरूबाईची बकरी चरत होती.

हिरूबाई वर चढून गेली, बकरीपाशी बसली, मग सावकाश खाली आली. "मेली," म्हणाली. "देवाची हुती ती. पोरीला मूल व्हईना म्हनून सोडलेली."

तुम्ही म्हणालात, "हिरूबाय, मी दुसरी आनून देतो."

"दुसरी कशी देशील रं दादा? दुसरीला मी कुठं नवस बोलले व्हते?" ती रागावलेली होती, पण आवाज चढवला नव्हता. थोडा वेळ पदरानं वारा घेत बसली आणि म्हणाली, "आता मेलीच हाय तर वाया कशाला घालवायची? देवाला दावते नि शिजवते. पर ज्याच्या हातानी गेली त्यानी माझ्या घरी जेवायला बसायचं. त्याबिगर मी कोनाला वाढनार नाय."

अशी काही रीत आहे की तिनं ती जागच्या जागी काढली, मला ठाऊक नाही. मी नंतरही विचारलं नाही. पण मग प्रश्न आला की गेली कोणाच्या हातानं? गोळे विटेसारखे केले ते बायांनी. वारा फिरला तो कोणाच्याच हातात नव्हता. बटण मंदारनं दाबलं होतं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सगळे त्याच्याकडेच बघत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बटन पोरानं दाबलं, गोळे तुमी केले. पर खटका माझा हाय. मी बसतो."

तुमच्या गळ्यात वडिलांनी घातलेली तुळशीची माळ होती. तुमच्या घरात कोणी कधी अंडंसुद्धा आणलं नव्हतं. तुम्ही माळ काढलीत, माझ्या हातात दिलीत आणि हिरूबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसलात. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. हिरूबाई समोर बसून बघत होती. दुष्टपणे नव्हे, घरी आलेला पाहुणा पोटभर जेवतोय की नाही ते बघतात तशी. तिनं रस्सा पुन्हा वाढला, तुम्ही तोही संपवलात. मंदार जेवला नाही. तो जीपच्या सावलीत बसून ड्रोनचे पंखे पुसत होता, स्वच्छ असलेले.

घरी जाताना मी माळ पुढे केली, तर तुम्ही म्हणालात, राहू दे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती शेडमध्ये माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवलीत. ताईनं बरेच दिवस धुसफूस केली. एकदा मीही म्हटलं, घाला की आता, झालं गेलं. तुम्ही म्हणालात, "नाय गं. तिथंच बरी हाय, समोर दिसती." तुम्हाला नेलं त्या दिवशी ताईनं मला विचारलं, "माळ घालू का गं यांच्या गळ्यात?" मी म्हटलं, त्यांनी स्वतः काढली होती ताई, आपण कशी घालायची. ती रडली, पण घातली नाही.

त्यानंतर गोळे मऊ झाले आणि ड्रोन उडायच्या आधी खाली शिट्टी घेऊन माणूस उभा राहू लागला. त्या दगडी गोळ्यांतूनही पुढे थोडे खैर आणि आपटे उगवले, हे सांगायला हवं. आज त्या उतारावर डोक्याइतकी उंच झाडं आहेत आणि हिरूबाई त्यांना 'बकरीची झाडं' म्हणते.

खटका मात्र चालला. शेतीच्या प्रदर्शनात तुम्ही तो मांडलात, फवारणीवाल्यांनी नेला, बियांवाल्यांनी नेला. शेडला काम मिळालं. मंदारचं कॉलेज संपलं आणि तो फौजेत गेला. तुम्ही नेरळ स्टेशनात त्याला सोडायला आला होतात आणि माझ्याआधी तुमचेच डोळे भरले होते. मी त्यावरून तुम्हाला चिडवलं होतं.

मग दिवेकर आले, फौजेला माल पुरवणाऱ्या कंपनीचे. त्यांनी आपलंच ड्रॉइंग आणलं होतं, त्यात एक बदल करून. खटक्याच्या बाजूला एक लहानसा आकडा. बियांच्या पेटीला, औषधाच्या टाकीला त्याचा काही उपयोग नाही. मी विचारलं, "याला काय अडकणार?" दिवेकर हसून म्हणाले, "तुम्हाला कल्पना आली असेलच." आली होती. तोवर फोनवर ते व्हिडिओ सगळ्यांनीच बघितले होते. लांब कुठल्या तरी लढाईत एक ड्रोन स्थिर उभं राहतं, त्याच्या पोटातून काहीतरी सुटतं, आणि खाली खड्ड्यात बसलेला माणूस वर बघतो. तुम्ही एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून बघत होतात. "हे आपलं वाटतंय का गं?" असं विचारत होतात. इतक्या लांबून कोणाला सांगता येणार होतं?

दिवेकरांना तुम्ही त्याच दिवशी नाही म्हणालात, आणि संध्याकाळी जीपमध्ये आपले खटके उडाले. या शब्दावर तुम्ही एरवी कोटी केली असतीत. त्या दिवशी नाही केली.

मी म्हटलं होतं, करा. आजही मी त्यातला शब्द मागे घेत नाही. मंदारची बदली तोवर वर सीमेवर झाली होती, जिथून फोन नीट लागत नाही. तुम्ही म्हणालात, "खाली कोन हाय, ते मला दिसत नाय मीने." मी म्हटलं, पलीकडच्यांना तरी कुठे दिसतंय? त्यांच्यातही एखादा दाजी बसलाच असेल कुठल्या शेडमध्ये. त्यानं आकडा लावलाच असेल. आणि त्याच्या खाली माझा मंदार आहे. तुमचे हात स्वच्छ राहावेत म्हणून तो तिथे रिकाम्या हातानं बसणार का?

तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. म्हणालात, "बकरी मेली तवा मी हिरूबायच्या घरी जेवाया बसलो. का? तर तिचं घर मला ठाऊक व्हतं. ह्या आकड्यानी जो जाईल त्याचं घर कुठलं, त्याची आई कोन? मी कुठं जाऊन बसू?"

मी म्हटलं, "तुम्हाला जेवायची पडली आहे."

हे मी रागाच्या भरात म्हटलं. तुम्ही गाडी पुन्हा सुरू केलीत. पुढे कित्येक दिवस जीपमध्ये तुम्ही फक्त हॉर्नशी बोलत होतात.

पण मीही सोडणारी नव्हते. एकदा डबा खाताना विचारलं, आपण त्या मोठ्या कंपनीला इतकी वर्षं स्प्रिंगा देतो, त्या कुठे बसतात? तुम्ही म्हणालात, ठाऊक नाय. मी म्हटलं, मग ठाऊक नसलं की चालतं, असं आहे का? आणि दर खंडेनवमीला पाटावर लेथचं टूल, माप घ्यायचा व्हर्नियर आणि तुमच्या आजोबांची गंजकी तलवार शेजारी शेजारी ठेवता, सगळ्यांना एकच कुंकू लावता. बळीराम टूलला हत्यार म्हणतो आणि तलवारीलाही हत्यारच म्हणतो. त्या एका दिवशी दोन्ही एक असतात, मग दुसऱ्या दिवशी वेगळी कशी होतात? तुम्ही भाकरी मोडत राहिलात. मग म्हणालात, "ह्याचं उत्तर माझ्यापाशी नाय." तुमच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही.

मग तुम्ही जाळ्याच्या मागे लागलात. नदीत मासे धरायला फेकतात ते गोल जाळं, पाग, तुम्ही पेज नदीच्या काठावरून कोणाकडून तरी आणलंत. नळीतून उडवून वर आलेलं ड्रोन त्यात धरायचं. "तुझ्या पोराला ह्ये करून देतो," म्हणालात. "ह्यानी कोन मरत नाय." शेडमागच्या मोकळ्या जागेत पहिल्याच खेपेला ते जाळं बळीरामवर पडलं, त्याच्या सायकलसकट. तो आत धडपडत होता आणि ओरडत होता, "अवो साहेब, मी मासा नाय." कितीतरी दिवसांनी आपण दोघं एकाच गोष्टीवर हसलो. पुढेही ते जाळं कधी वेळेवर उघडलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ते अर्धं सोडवलेलं तुमच्या टेबलाखाली होतं.

जाळं जमेना, तेव्हा तुम्ही दिवेकरांना फोन करून म्हणालात, थोडं थांबा, विचार करतो. हे मला दिवेकरांकडूनच कळलं. आणि मग ती सकाळ आणि ते तुमचं "एक सुचलंय". आकडा लावायची वाट सापडली होती, की नाही म्हणायला चांगला शब्द सापडला होता? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. तुमच्यासारखं डोकं चालवायला गेले तर तुमच्यासारखी आरडाओरड करावीशी वाटते, त्यापलीकडे काही होत नाही. तुमची आठवण येते मला दाजी, पण खरं सांगायचं तर राग जास्त येतो.

मंदार तेराव्याला आला होता. दिवेकर गेल्यावर तो आणि मी खालापूरला शेडवर गेलो. नाक्यावरच्या गाड्यांचा आवाज सोडला तर सगळं बंद, थंड. त्यानं टेबलावरचा एक खटका उचलला, उघडला, मिटला. मी त्याला ऑर्डरचं सांगितलं. तुम्ही काय म्हणत होतात तेही सांगितलं, की खाली कोण आहे ते दिसत नाही.

तो म्हणाला, "काकांना तसं वाटायचं. दिसतं आई. चांगलं दिसतं. पाणी पिताना दिसतात, बूट काढून बसलेले दिसतात. मी पडद्यासमोरच असतो."

मग त्यानंच विचारलं, "तू काय ठरवणार?"

"तू सांग."

"मला विचारू नकोस. मी हो म्हणणार. वर असलं की हो शिवाय दुसरं काही सुचत नाही." त्यानं खटका जागेवर ठेवला. खिळ्यावरच्या माळेकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी जेवायला मी बसायला हवं होतं. काका माझ्या वाटचं जेवले."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान असल्यापासून त्याला ते आवडत नाही, पण त्या दिवशी त्यानं हात झटकला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

काल खंडेनवमी झाली. ताई म्हणाली, यंदा सण नाही, पण यंत्रांची पूजा चुकवायची नाही, त्यांना काय सुतक. बळीरामनं लेथ घासूनपुसून लख्ख केला, झेंडूचे हार केले. पाट मांडताना त्यानं मला विचारलं, "मॅडम, खटका ठिवू का पाटावर?" गेल्या वर्षी तुम्ही तो ठेवू दिला नव्हतात. मी म्हटलं, ठेव. आपणच केलेला आहे. बकरी त्यानंच गेली आणि झाडंही त्यानंच आली. टूल, व्हर्नियर, तलवार आणि खटका, सगळ्यांना ताईनं कुंकू लावलं. आकड्याचं ड्रॉइंग मी टेबलावरच राहू दिलं.

मग जेवणं. ताई कळंबहून सगळं करून घेऊन आली होती, दरवर्षीसारखंच. सवयीनं तिनं लेथसमोर तुमच्या जागी पान मांडलं, वाढलंही, आणि मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच डाव हातात घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, राहू दे. बळीरामला म्हटलं, तू बस साहेबांच्या जागी. तो मागे सरकला. "मी नाय मॅडम. ती जागा मला नाय झेपायची." तो रिवाजानं म्हणाला असेल, लेथसमोरच्या जागेबद्दलच म्हणाला असेल. मी स्वतः बसायचं ठरवलं आणि त्या पानाजवळ गेले. पण तिथेच उभी राहिले. मी विचार करत होते, उद्या आकडा लावला, माल गेला, तो कुठेतरी सुटला, आणि कोणा हिरूबाईनं विचारलं की माझा मुलगा कोणाच्या हातानं गेला, तर इथून उठून कोण जाणार? मंदारला जाता येणार नाही. दिवेकर पंगतीत नीट जेवतात, पण ते जाणार नाहीत. तुम्ही गेला असतात. तुम्हाला घर सापडलं नसतं तरी शोधत गेला असतात, माळ खिळ्याला अडकवून. तुम्ही होतात तोवर मी हट्टानं 'करा' म्हणत होते, ते बहुतेक याच भरवशावर.

जेवणं उरकल्यावर मी शेडबाहेर येऊन दिवेकरांना फोन केला. म्हटलं, आम्ही हे काम घेत नाही.

"साहेबांची तशी इच्छा होती का?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

"मग काही अडचण असेल तर बोलू आपण. तुमच्या मुलाच्या कामाची वस्तू आहे मॅडम."

"माहीत आहे. पण आमच्याकडे जेवायला बसणारा माणूस आता राहिला नाही."

मग ते म्हणाले, "आवाज तुटतोय, काय म्हणालात?" मी म्हटलं, काही नाही, दसऱ्याच्या शुभेच्छा. फोन ठेवला.

तुम्ही बरोबर होतात असं मी अजूनही म्हणत नाही. आकडा कोणी ना कोणी करणारच आहे. सीमेपलीकडच्या शेडमधला तो दाजी हे लिहितेय त्या वेळीही करत असेल, आणि मला त्याची भीती वाटते, रोज वाटते. माझं चुकलं असेल तर त्याची किंमत मी मोजणार नाही, माझा मुलगा मोजेल. हे सगळं कळून मी नाही म्हटलं आहे. याला शहाणपण म्हणतात की काय म्हणतात, ते तुम्ही असतात तर ओरडून सांगितलं असतंत.

आज दसरा. ताईनं डोंगरावरच्या त्या झाडांतल्या आपट्याची पानं मागवली होती. हिरूबाईनं नातवाकडून पाठवली, वर निरोप, की दादाच्या फोटोपुढं ठेवा. ठेवली आहेत.

संध्याकाळी मंदारचा फोन येईल. मी त्याला सांगेन. तो "बरं" म्हणेल. तो दुसरं काही म्हणणार नाही, मी ओळखते त्याला. त्या "बरं"नंतर मी काय बोलायचं, दाजी, ते तुम्हाला सुचलं असतं.